ठेकेदार काम अर्ध्यात सोडून गेला, तर करार संपवायचा कसा

"करार रद्द केला, आता तुमचा-आमचा संबंध संपला," असं रागाच्या भरात सांगितलं की सगळं पुसलं गेलं, असं बहुतेकांना वाटतं. दिलेले पैसे परत, झालेलं काम शून्य, हिशोब बंद. कायदा असं मानत नाही. समोरच्याने करार मोडला म्हणून तुम्ही तो संपवलात, तर संपतं ते फक्त पुढचं: त्याने पुढचं काम करायचं नाही, तुम्ही पुढचे हप्ते द्यायचे नाहीत. आधी झालेलं काम, आधी दिलेले पैसे, करार मोडल्याने झालेलं नुकसान आणि वाद कुठे सोडवायचा याचं कलम, हे सगळं जिवंत राहतं आणि त्याचा हिशोब द्यावा-घ्यावा लागतो.

भारतीय करार कायदा 1872 सालचा आहे आणि त्यातल्या कलमांखाली छोटी उदाहरणं दिलेली आहेत. त्यातलं एक नाटकगृहाचा व्यवस्थापक आणि गायिका यांचं आहे. दोन महिने, आठवड्यातून दोन रात्री गायचं आणि दर रात्रीचे 100 रुपये घ्यायचे, असं ठरलेलं. सहाव्या रात्री गायिका मुद्दाम येत नाही. हे एकच उदाहरण कायद्यात तीन ठिकाणी येतं. कलम 39 सांगतं की व्यवस्थापक करार संपवू शकतो. कलम 65 सांगतं की संपवला तरी आधीच्या पाच रात्रींचे पैसे त्याला द्यावेच लागतील. कलम 75 सांगतं की रास्त कारणाने करार संपवणाऱ्याला, करार पुरा न झाल्याने झालेल्या नुकसानाची भरपाईही मागता येते. पुढे जे काही सांगणार आहे ते या तीन उत्तरांचाच विस्तार आहे.

उदाहरणासाठी घराच्या नूतनीकरणाचं काम घेतो, कारण सामान्य माणसाच्या आयुष्यात लेखी करार मोडण्याचा प्रसंग बहुधा इथेच येतो. तत्त्वं मात्र केटररपासून माल पुरवणाऱ्यापर्यंत सगळ्यांना लागू पडतात.

पायरी 1: करार संपवण्याइतकं मोठं काही घडलंय का?

प्रत्येक चुकीने करार संपवण्याचा हक्क मिळत नाही. कलम 39 प्रमाणे समोरच्याने आपलं वचन पाळायला नकार दिला पाहिजे, किंवा ते पाळता येणार नाही अशी अवस्था स्वतःच करून घेतली पाहिजे, आणि तीही कराराच्या गाभ्याला धक्का लागेल इतकी. बेडरूमचा रंग एक छटा गडद लागला, हे भरपाईचं किंवा दुरुस्तीचं कारण आहे. माणसं काढून नेली, तीन आठवडे जागेवर कोणी नाही आणि "आणखी दोन लाख दिल्याशिवाय काम पुढे सरकणार नाही" असा मेसेज आला, हा नकार आहे.

उशिराचं काय? त्यासाठी कलम 55 आहे. करारात मुदत हाच महत्त्वाचा भाग असेल तर ती चुकल्यावर करार संपवता येतो. तसं नसेल तर फक्त उशिराची भरपाई मागता येते. बांधकामाच्या कामात न्यायालयं सहसा मुदतीला इतकं टोकाचं महत्त्व देत नाहीत, विशेषतः करारातच मुदतवाढीची किंवा उशिराबद्दल दर आठवड्याला दंडाची तरतूद असेल तर. म्हणून "15 तारीख उलटली, करार संपला" असं परस्पर ठरवू नका. आधी मुदत देणारी नोटीस द्यावी लागते, ती पायरी पुढे येईल.

आणि इथेच आपली बाजूही तपासा. टाइल्स तुम्ही आणून द्यायच्या ठरल्या होत्या आणि त्या आल्याच नाहीत का? सोसायटीची परवानगी तुम्ही काढायची होती का? करार कायद्याच्या कलम 54 खाली नेमकं असंच उदाहरण आहे: बांधकामाला लागणारी परांची आणि लाकूड मालकाने पुरवायचं ठरलं होतं, त्याने दिलं नाही, मग ठेकेदाराने काम करण्याची गरज नाही, उलट मालकानेच भरपाई द्यायची. म्हणजे हक्क नसताना करार संपवला, तर करार मोडणारे तुम्ही ठरता आणि नुकसानभरपाईचा दावा तुमच्यावर येतो. या संपूर्ण प्रक्रियेतला सर्वांत मोठा धोका हाच आहे, त्यामुळे या पायरीवर रेंगाळलात तरी चालेल.

पायरी 2: सातव्या रात्रीचा प्रश्न

गायिकेच्या उदाहरणाचा दुसरा भाग लोकांना माहीत नसतो आणि त्याचाच फटका बसतो. सहाव्या रात्री ती आली नाही, पण सातव्या रात्री व्यवस्थापकाने तिला गाऊ दिलं. आता त्या सहाव्या रात्रीच्या कारणावरून त्याला करार संपवता येणार नाही. फक्त त्या एका रात्रीच्या नुकसानाची भरपाई मागता येईल. शब्दांनी किंवा वागण्याने तुम्ही करार चालू ठेवायला संमती दिलीत, की संपवण्याचा पर्याय गेला.

घराच्या कामात ही संमती नकळत दिली जाते. ठेकेदार महिनाभर गायब होतो, परत येतो, आपण हायसं वाटून पुढचा हप्ता देतो. झालं, सातवी रात्र! म्हणून ठरवायला अवधी हवा असेल तर तसं लिहून कळवा: "काम थांबल्याबद्दलचे माझे सर्व हक्क राखून ठेवून हे पैसे देत आहे." उशिरा झालेलं काम ताब्यात घेतानाही, उशिराची भरपाई मागणार आहोत हे त्याच वेळी कळवावं लागतं. मुदत महत्त्वाची असलेल्या करारात तसं न कळवता काम स्वीकारलं, तर कलम 55 नुसार ती भरपाई पुढे मागता येत नाही. दोन ओळींचा ईमेल पुरतो, पण तो त्या वेळचा हवा.

पायरी 3: मुदत देणारी नोटीस

वकिलाकडून पाठवलीत तर उत्तम, पण स्वतःच्या सहीची नोटीसही चालते. त्यात कराराची तारीख, काय ठरलं होतं, काय झालं नाही, आजवर किती पैसे दिले आणि कोणत्या तारखेपर्यंत काम पुन्हा सुरू करून कधी पुरं करायचं, एवढं सरळ लिहा. विशेषणं नकोत. "फसवणूक", "चोर" असे शब्द तर अजिबात नकोत. त्यांनी दाव्याला बळ येत नाही, उलट ठेकेदाराच्या वकिलाला मुद्दा मिळतो.

किती दिवसांची मुदत द्यायची? माझं मत, किमान 30 दिवस. त्यामागे ठोस कारण आहे. विशिष्ट साहाय्य कायदा 1963 मध्ये 2018 साली दुरुस्ती झाली आणि 1 ऑक्टोबर 2018 पासून कलम 20 चं नवं रूप लागू झालं. करार मोडला गेला तर उरलेलं काम दुसऱ्याकडून किंवा स्वतः करून घेऊन, प्रत्यक्ष झालेला खर्च करार मोडणाऱ्याकडून वसूल करण्याचा पर्याय त्यात आहे. त्यासाठी अट अशी की आधी किमान 30 दिवसांची लेखी नोटीस दिलेली असावी, आणि काम खरोखर करून घेतलेलं असावं. नुसत्या कोटेशनवर या कलमाखाली वसुली होत नाही. या वाटेने गेलात की मूळ ठेकेदाराकडूनच काम पुरं करून घेण्याचा आदेश मागता येत नाही, पण नुकसानभरपाईचा हक्क शाबूत राहतो. करारातच वेगळी मुदत लिहिलेली असेल तर तीही पाळा.

नोटीस स्पीड पोस्टाने, पोहोच मिळेल अशी, करारातल्या पत्त्यावर पाठवा आणि सोबत ईमेल व व्हॉट्सॲपवरही टाका. पाकीट "घेण्यास नकार" शेरा मारून परत आलं तर ते फोडू नका. जसंच्या तसं ठेवा, तोच पुरावा.

पायरी 4: नवा सुतार आत येण्याआधी मोजमाप

माझ्या मते सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित पायरी ही आहे. करार संपल्यावर "किती काम झालं होतं?" हा एकच प्रश्न सगळा हिशोब ठरवतो, आणि नव्या माणसाने पहिली फळी उचकटली की त्याचं उत्तर कायमचं हरवतं.

त्या ठेकेदाराशी संबंध नसलेला आर्किटेक्ट किंवा सिव्हिल इंजिनिअर बोलवा. ठेकेदारालाही तारीख-वेळ लेखी कळवा; तो आला तर संयुक्त मोजणी होते, नाही आला तर बोलावलं होतं याची नोंद राहते. खोलीनिहाय, कोटेशनमधल्या प्रत्येक बाबीपुढे तीन रकाने भरून घ्या: पूर्ण, अर्धवट, सदोष. प्लायवूडचा दर्जा, वायरिंगची जाडी, वॉटरप्रूफिंग झालंय की नाही, हे नंतर दिसत नाही, म्हणून ते आधी. जागेवर पडलेलं साहित्य आणि ठेकेदाराची हत्यारं यांची वेगळी यादी करा. हत्यारं अडवून ठेवू नका. ती त्याची आहेत, सही घेऊन परत करा. फोटो आणि व्हिडिओ भरपूर काढा आणि मूळ फाइल ज्या फोनमध्ये आहे तो फोन जपा. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे व्हॉट्सॲप संवाद, फोटो वगैरे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र जोडावं लागतं.

पायरी 5: करार संपवल्याचं पत्र

मुदत संपली, काम सुरू झालं नाही. आता करार संपवत असल्याचं स्पष्ट कळवायचं. मनातल्या मनात करार संपत नाही. प्रस्ताव जसा समोरच्याला कळवावा लागतो तसंच रद्द करणंही कळवावं लागतं, हे कलम 66 मध्ये आहे. पत्रात चार गोष्टी पुरे: कोणत्या कारणाने, कोणत्या तारखेपासून, झालेल्या कामाचा हिशोब सोबत जोडला आहे, आणि नुकसानभरपाईचा हक्क राखून ठेवला आहे.

या पत्रानंतर काय चालू राहतं ते नीट लक्षात घ्या. करारात लवादाचं कलम (वाद न्यायालयाऐवजी खाजगी लवादाकडे सोडवायचा, असं ठरवणारं) असेल तर ते कराराबरोबर मरत नाही. लवाद कायदा 1996 चं कलम 16 त्याला बाकी करारापासून स्वतंत्र मानतं. झालेल्या कामाची हमी, तुमच्या कागदपत्रांची गोपनीयता अशा, स्वभावतःच नंतर लागू होणाऱ्या अटीही सहसा टिकतात. ठेकेदाराचं आधीच कमावलेलं बिलही टिकतं. ते नाकारून "मी काहीच देणं लागत नाही" असं पत्रात लिहिलंत तर तुमचाच दावा कमकुवत होतो.

पायरी 6: हिशोब

करार संपवणाऱ्याने मिळालेला फायदा परत करायचा, हे कलम 64 सांगतं. 1943 साली मुरलीधर चॅटर्जी विरुद्ध इंटरनॅशनल फिल्म कंपनी या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातलं शेवटचं अपील न्यायालय) हे तत्त्व करार मोडल्यामुळे संपवलेल्या करारालाही लावलं. चित्रपटाच्या व्यवहारात आगाऊ दिलेले 4,000 रुपये करार मोडणाऱ्यालाही परत मागता येतात, मात्र त्यातून समोरच्याचं सिद्ध झालेलं नुकसान वजा होतं, असा तो निकाल. म्हणजे हिशोब दोन्ही बाजूंनी चालतो.

आकडे घेऊ. समजा काम 8 लाखांचं ठरलं. तुम्ही 5 लाख दिलेत. मोजणीत कराराच्या दराने झालेलं काम 3.5 लाखांचं निघालं. म्हणजे 1.5 लाख ठेकेदाराकडे जास्तीचे गेलेत. उरलेलं काम मूळ दराने 4.5 लाखांचं होतं, नव्या ठेकेदाराने बाजारभावाने 5.6 लाख घेतले. म्हणजे 1.1 लाख जादा लागले. दोन्ही मिळून मागणी 2.6 लाखांची. उलटतपासणी करा: करार नीट पार पडला असता तर खिशातून 8 लाख जायचे, प्रत्यक्षात 5 अधिक 5.6 म्हणजे 10.6 लाख गेले. फरक 2.6 लाख. जुळलं.

आता हे लोक कसं चुकवतात? दिलेले 5 लाख परत हवेत आणि नव्याचे 5.6 लाखही हवेत, असं मागतात. तसं मिळालं तर 8 लाखांचं घर फुकटात झालं. न्यायालय असा आकडा मान्य करत नाही, आणि फुगवलेल्या मागणीमुळे खऱ्या मागणीवरचाही विश्वास उडतो.

झालेल्या कामात दोष असतील तर ते करारानुसार करून घेण्याचा खर्च वेगळा जोडता येतो. कलम 73 खालीच घरदुरुस्तीचं उदाहरण आहे: आगाऊ पैसे घेऊन घर दुरुस्त केलं, पण ठरल्याप्रमाणे नाही, मालकाला ते ठरल्याप्रमाणे करून घेण्याचा खर्च मिळतो. फक्त मोजणीत तेच सदोष काम आधीच शून्य धरलं असेल तर दोनदा वजावट नको.

भाड्याच्या घरात जास्तीचे दोन महिने काढावे लागले, त्याचं काय? इथे सगळं अवलंबून आहे ते ठेकेदाराला काय माहीत होतं यावर. कलम 73 मध्ये भरपाई मिळते ती नेहमीच्या क्रमाने होणाऱ्या नुकसानाची, किंवा करार करतानाच दोघांना ज्याची कल्पना होती अशा नुकसानाची. दूरच्या, आडवळणाने झालेल्या नुकसानाची नाही. त्याच कलमातल्या दुसऱ्या उदाहरणात मालक नवं घर 1 जानेवारीला भाडेकरूच्या ताब्यात देणार असतो आणि हे बिल्डरला सांगितलेलं असतं; बांधकाम इतकं वाईट की घर पडतं. मग बिल्डरने पुन्हा बांधण्याचा खर्च, बुडालेलं भाडं आणि भाडेकरूला द्यावी लागलेली भरपाई, तिन्ही भरायची. म्हणून नवीन करार करणाऱ्यांना कळकळीने सांगणं: "31 मार्चला भाड्याचं घर सोडायचं आहे" ही एक ओळ करारात लिहाच. पुढे वाद झाला तर तिची किंमत लाखात असते.

नुकसान वाढू न देण्याची जबाबदारीही तुमचीच. सहा महिने घर तसंच ठेवून सहा महिन्यांचं भाडं मागता येत नाही. आणि बदली ठेकेदार नेमताना निदान तीन कोटेशन घ्या. साध्या लॅमिनेटच्या जागी विनिअर लावून त्याचा फरक जुन्या ठेकेदारावर टाकता येत नाही.

पायरी 7: इसार, डिपॉझिट आणि लिहिलेला दंड

"करार मोडल्यास इसार जप्त" किंवा "दर दिवशी 5,000 रुपये दंड" असं लिहिलेलं असतं. ही रक्कम आपोआप मिळते, असा समज दोन्ही बाजूंचा असतो. कलम 74 नुसार लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा. तिच्या आत जी वाजवी भरपाई वाटेल ती न्यायालय देतं.

फतेह चंद विरुद्ध बालकिशन दास या 1963 च्या निकालात दिल्लीतल्या मालमत्तेच्या व्यवहारात 1,000 रुपये इसार आणि नंतर 24,000 रुपये घेतले होते. सर्वोच्च न्यायालयाने इसाराचे 1,000 ठेवू दिले, 24,000 जप्त करू दिले नाहीत. पुढे मौला बक्ष खटल्यात लष्कराला बटाटे, अंडी, कोंबड्या पुरवण्याच्या कंत्राटासाठी भरलेलं 18,500 रुपयांचं डिपॉझिट सरकारने जप्त केलं होतं. ती इसाराची रक्कम नव्हती, नुकसान सिद्ध करता येण्यासारखं होतं आणि ते सिद्ध केलं नाही, म्हणून जप्ती टिकली नाही. 2015 चा कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण हा निकाल तर प्रत्येक जमीन व्यवहार करणाऱ्याने माहीत करून घ्यावा असा आहे. लिलावात 3.12 कोटींची बोली, 78 लाख इसार जप्त, आणि नंतर तोच भूखंड प्राधिकरणाने 11.78 कोटींना विकला. नुकसानच झालं नाही, मग भरपाई कशाची? 78 लाख परत करण्याचा आदेश झाला. त्यामुळे साठेखत रद्द होऊन समोरचा मोठी रक्कम गिळायला निघाला, तर "कागदावर लिहिलंय" एवढ्यावर हार मानू नका.

फ्लॅटचं बुकिंग असेल तर

इथे करार कायद्याआधी रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता (नियमन आणि विकास) कायदा 2016 बघा. ठरलेल्या तारखेला ताबा मिळाला नाही तर कलम 18 प्रमाणे दोन वाटा आहेत: व्यवहारातून बाहेर पडून व्याजासह पैसे परत घ्यायचे, किंवा थांबायचं आणि ताबा मिळेपर्यंत दरमहा व्याज घ्यायचं. महाराष्ट्रात हा दर स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआरपेक्षा (बँकेने कर्जासाठी ठरवलेला आधारभूत व्याजदर) 2 टक्के जास्त. बाहेर पडण्याचा हा हक्क विनाअट आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये न्यूटेक प्रमोटर्सच्या निकालात सांगितलं. साठेखत नोंदणीकृत असेल तर रद्दलेखही नोंदवावा लागतो. परताव्याची रक्कम किंवा निदान डिमांड ड्राफ्ट हातात आल्याशिवाय त्यावर सही करू नका. गृहकर्ज असेल तर बँकेला पहिल्या दिवसापासून माहितीत ठेवा.

पायरी 8: कुठे जायचं, कधीपर्यंत

करार मोडल्याच्या भरपाईसाठी दिवाणी दाव्याची मुदत करार मोडल्यापासून 3 वर्षं. नोटिसा आणि वाटाघाटी चालू आहेत म्हणून ती वाढत नाही. ठेकेदाराने मुदतीच्या आत सही करून देणं लेखी कबूल केलं, तर मात्र त्या दिवसापासून नव्याने मोजली जाते. स्वतःच्या घराचं काम असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाची वाट बहुतेकांना जास्त सोयीची: दिलेली रक्कम 50 लाखांपर्यंत असेल तर तिथे तक्रार करता येते, 5 लाखांपर्यंत शुल्क नाही, आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच दाखल करता येते. मुदत मात्र 2 वर्षं. करारात लवादाचं कलम असलं तरी ग्राहकाला आयोगाकडे जाता येतं. मनस्तापाची भरपाईही इथे मागता येते. दिवाणी दाव्यात ती क्वचितच मिळते.

पोलिसांत जाण्याचा सल्ला हमखास मिळेल. करार पाळला नाही एवढ्याने फसवणुकीचा गुन्हा होत नाही. पैसे घेतानाच फसवण्याचा हेतू होता हे दाखवावं लागतं. तसा पुरावा नसेल तर त्या चकरांत दोन वर्षांतले मोलाचे महिने जातात.

मधेच तडजोड झाली तर एका कागदावर रक्कम, हप्त्यांच्या तारखा, हप्ता चुकल्यास उरलेली पूर्ण रक्कम एकदम द्यायची ही अट, आणि शेवटचा हप्ता खात्यात जमा झाल्यावरच "आता कोणाचं काही देणं नाही" ही कबुली लागू होईल, हे लिहून दोघांच्या सह्या घ्या.